रकाना कोण भरतं? मिश्रवंशीय माणसांना लावलेल्या लेबलांची पार्श्वभूमी

मिश्रवंशीय माणसाला जवळजवळ प्रत्येक नव्या ओळखीत एक प्रश्न येतोच, "तू नक्की कुठला?" आणि त्याने गावाचं नाव सांगितलं की लगेच पुढचा, "तसं नाही रे, मूळचा कुठला, आईवडील कोण?" विचारणाऱ्याच्या मनात बऱ्याचदा वाईट काही नसतं, नुसतं कुतूहल असतं, मला मान्य आहे. पण समोरच्याला कुठल्या तरी एका खणात बसवल्याशिवाय आपल्याला चैन का पडत नाही, ही सवय आली कुठून, हे शोधायला गेलं की जुने कायदे, जनगणनेचे फॉर्म, कोर्टाचे निकाल असं बरंच हाताला लागतं, आणि त्या सगळ्यात मला एक गोष्ट ठळक दिसते, की लेबल लावणारा हात बहुतेक वेळा दुसऱ्याचा होता आणि त्याला त्यातनं काहीतरी मिळवायचं होतं.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियापासून सुरू करू, कारण तिथे हे अगदी उघडंनागडं दिसतं. एलिझाबेथ की नावाची बाई, वडील इंग्रज, आई आफ्रिकन गुलाम. इंग्रजी कायद्याप्रमाणे मुलाला बापाचा दर्जा मिळतो, शिवाय माझा बाप्तिस्मा झालाय, असं म्हणून ती कोर्टात गेली आणि १६५६ मध्ये तिने स्वतःची सुटका मिळवली. त्यानंतर सहाच वर्षांत, १६६२ ला, तिथल्या विधिमंडळाने नियम उलटा करून टाकला, मुलाचा दर्जा इथून पुढे आईवरून ठरणार. याचा अर्थ नीट लक्षात घ्या, मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली आणि मूल झालं तर ते पोर सरळ त्याच्या मालमत्तेत जमा. स्वतःच्या पोटच्या पोराला विकता यावं म्हणून शेकडो वर्षांची कायद्याची परंपरा एका ओळीत फिरवली, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातनं जात नाही.

आता शब्द बघा. गोऱ्या-काळ्या मिश्र माणसाला लावलेला 'म्युलॅटो' हा शब्द बहुतेक अभ्यासक स्पॅनिश-पोर्तुगीज 'मुलो'पासून आला असं मानतात, मुलो म्हणजे खेचर, घोडा आणि गाढवाचं पिल्लू. मिश्र माणसालाच लावलेल्या 'हाफ-कास्ट' मधला 'कास्ट' पोर्तुगीज 'कास्टा'वरून, म्हणजे वंश किंवा जात यावरून आलेला. आणि आपण मराठीत लगेच नाक मुरडायला नको, कारण आपला 'संकर' हा शब्द गाई आणि बियाण्यांना लागतो तोच माणसांनाही लागत आला आहे. अठराव्या शतकात मेक्सिकोत तर मिश्र कुटुंबांची चित्रं मालिकेने काढली जायची, आई, बाप आणि मूल, आणि खाली लेबल, स्पॅनिश अधिक मूलनिवासी म्हणजे मेस्तिसो, मेस्तिसो अधिक स्पॅनिश म्हणजे कास्तिसो, असं करत करत लांडगा, कोयोटी, आणि शेवटी शेवटी 'हवेत लोंबकळ' आणि 'तू मला कळत नाहीस' अशा अर्थाची नावं. एका लहान मुलाच्या चित्राखाली 'तू मला कळत नाहीस' लिहिलेलं! त्याच काळात कॅरिबियनमधल्या सेंट-डोमिंग या फ्रेंच वसाहतीवर लिहिताना मोरो द सेंट-मेरी या गृहस्थाने माणसाचे १२८ भाग कल्पून त्यातले किती गोरे किती काळे यावरून नावांचं कोष्टकच मांडलं होतं.

हे अपूर्णांकांचं वेड अमेरिकेच्या जनगणनेतही शिरलं. १८५० ला म्युलॅटो हा वर्ग आला, आणि १८९० ला प्रगणकांना सांगितलं गेलं की काळ्या रक्ताचा हिस्सा तीन चतुर्थांश किंवा जास्त असेल तर 'ब्लॅक', तीन अष्टमांश ते पाच अष्टमांश असेल तर म्युलॅटो, एक चतुर्थांश असेल तर क्वाड्रून, एक अष्टमांश किंवा नुसता मागमूस असेल तरी ऑक्टोरून. दारात उभा राहून कुणाच्या पणजीचा हिशोब कसा लागणार? प्रगणक चेहरा बघायचा आणि लिहायचा, संपलं. १९३० पर्यंत हे मधले वर्ग सगळे पुसले गेले आणि सूचना आली की गोरं आणि निग्रो रक्त मिसळलेला माणूस निग्रोच लिहायचा, प्रमाण कितीही कमी असो. हाच तो प्रसिद्ध एका थेंबाचा नियम.

आणि तो नुसता कागदावर नव्हता. होमर प्लेसी हा आठव्या हिश्श्याने काळा समजला जाणारा माणूस १८९२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला गोऱ्यांच्या डब्यात मुद्दाम बसला, त्याला आपण कोण ते सांगावं लागलं तेव्हा अटक झाली, आणि १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्याच खटल्यात 'वेगळे पण समान' या तत्त्वावर शिक्का मारला. व्हर्जिनियाने १९२४ मध्ये वंशशुद्धीचा कायदा केला, त्यात गोऱ्याची व्याख्या इतकी कडक की काही प्रतिष्ठित घराणीच अडचणीत आली, कारण ती पोकाहाँटस या मूलनिवासी सरदाराच्या मुलीचे वंशज म्हणून मिरवायची, मग त्यांच्यासाठी सोळाव्या हिश्श्यापर्यंत मूलनिवासी रक्त चालेल अशी पळवाट ठेवली. ज्यांच्याकडे प्रतिष्ठा नव्हती त्यांचं काय? तिथला जन्ममृत्यू नोंदणी अधिकारी वॉल्टर प्लेकर १९१२ ते १९४६ खुर्चीत होता आणि त्याने मूलनिवासी कुटुंबांचे दाखले 'कलर्ड', म्हणजे काळ्यांत गणलेले, असे करून टाकायचा सपाटा लावला. त्या लोकांच्या नातवंडांना पुढे आपण मूलनिवासी आहोत हे सरकारला सिद्ध करताना नाकीनऊ आले, कारण कागदच खोटे करून ठेवलेले.

पण एका थेंबाचा हा नियम सगळीकडे होता असं समजू नका, ऑस्ट्रेलियात नेमकं उलटं झालं. तिथे मूलनिवासी आयांच्या मिश्र मुलांना आईपासून काढून संस्थांमध्ये नेलं गेलं, हेतू हा की पिढ्या जातील तसं त्यांनी गोऱ्यांत विरघळून जावं, १९३७ च्या कॅनबेरातल्या सरकारी परिषदेने तसा ठरावच केला होता. अमेरिकेत काळ्या पूर्वजाचा एक थेंब मुलाला कायमचा काळा करायचा आणि इथे गोऱ्या पूर्वजाचा एक थेंब मुलाला आईच्या कुशीतनं उचलून न्यायला पुरायचा. असं का, याचं मला पटणारं उत्तर असं की अमेरिकेत मालकांना मजूर वाढवायचे होते, ऑस्ट्रेलियात जमिनीवर हक्क सांगणारे कमी करायचे होते. पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ ला संसदेत माफी मागितली. बेल्जियमनेही काँगोत हेच केलं, वडील गोरे म्हणून मुलं उचलून मिशनमध्ये टाकली, त्यातल्या ५ बाया म्हातारपणी कोर्टात लढल्या आणि डिसेंबर २०२४ ला ब्रसेल्सच्या अपील कोर्टाने हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवला. जर्मनीत नाझींनी ऱ्हाईनलँडमधल्या सुमारे ४०० मिश्र मुलांची १९३७ मध्ये सक्तीने नसबंदी केली.

आपल्याकडचा इतिहास यात बसतोच. ईस्ट इंडिया कंपनीने १७९१ मध्ये ठरवलं की ज्याचे आईवडील दोन्ही युरोपियन नाहीत त्याला वरच्या नोकऱ्या नाहीत, आणि १७९५ ला सैन्यात अशांना फक्त बाजेवाले, ढोलवाले, नालबंद एवढीच कामं उरली. जेम्स स्किनरचे वडील स्कॉटिश अधिकारी, आई राजपूत, कंपनीचं दार बंद म्हणून तो शिंद्यांच्या फौजेत गेला, चांगला लढला, आणि १८०३ ला इंग्रजांशी युद्ध पेटल्यावर तिथनंही काढला गेला कारण बाप ब्रिटिश. एकीकडे आईमुळे नको, दुसरीकडे बापामुळे नको. पुढे ब्रिटिशांना घोडदळ हवं होतं तेव्हा मात्र तोच चालला. संविधानाच्या कलम ३६६ मधली अँग्लो-इंडियनची व्याख्याही पुरुषांच्याच वंशरेषेवरून केलेली आहे, म्हणजे आई युरोपियन आणि वडील भारतीय असलेलं मूल त्यात बसत नाही, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

दक्षिण आफ्रिकेचं काय सांगावं. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाला वंश चिकटवला, आणि गोरा कोण, तर जो उघड गोरा दिसतो किंवा लोक ज्याला गोरा मानतात तो. म्हणजे तुम्ही कोण हे शेजारी ठरवणार, अक्षरशः. केसात पेन्सिल खोचायची, ती खाली पडली तर गोरा, अडकली तर नाही, असली परीक्षा अधिकारी घ्यायचे. सँड्रा लेंग ही १९५५ ला कायद्याने गोऱ्या असलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेली मुलगी, रंग सावळा आणि केस कुरळे म्हणून तिला १० वर्षांची असताना शाळेतनं काढलं आणि १९६६ ला 'कलर्ड', म्हणजे तिथल्या मिश्रवंशीयांच्या वर्गातली, ठरवलं. आईबाप तेच, भाऊ गोरे, ही कलर्ड! हा कायदा जायला १९९१ उजाडलं. आणि गंमत म्हणता येणार नाही पण विचार करण्यासारखं हे की कलर्ड हा शब्द अमेरिका, ब्रिटनमध्ये आज अपमान समजला जातो, तर दक्षिण आफ्रिकेत लाखो लोक तो स्वतःची ओळख म्हणून वापरतात, त्यांची बोली, त्यांचं संगीत, सगळं त्या नावाभोवती उभं राहिलंय. तसंच कॅनडातल्या मेटिसांचं, म्हणजे मूलनिवासी आणि युरोपियन पूर्वजांच्या वंशजांचं, फ्रेंचमध्ये अर्थ नुसता 'मिश्र', पण त्यांनी स्वतःचा समाज उभा केला, लुई रियलच्या नेतृत्वाखाली लढले, रियलला १८८५ मध्ये फाशी झाली, आणि १९८२ च्या राज्यघटनेत मेटिस हे मूळ लोकसमूहांपैकी एक म्हणून नोंदले गेले.

ब्राझीलमध्ये १९७६ च्या सरकारी पाहणीत लोकांना तुमचा रंग काय हे मोकळेपणी सांगू दिलं तर १३० हून जास्त उत्तरं आली, दालचिनीसारखा, दुधाच्या कॉफीसारखा वगैरे. फॉर्मवर रकाने मात्र मोजकेच राहिले, आणि २०२२ च्या जनगणनेत 'पार्दो' हा मिश्र गट ४५.३ टक्क्यांवर जाऊन सगळ्यात मोठा झाला.

अमेरिकेत गोऱ्या आणि इतर वंशांच्या माणसांमधली लग्नबंदी उठली ती १२ जून १९६७ ला, लव्हिंग दांपत्याच्या खटल्यात, तोवर १६ राज्यांत ती चालू होती. मिल्ड्रेड लव्हिंग स्वतः कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी दोन्ही पूर्वजांची, पण कायद्याला फक्त 'कलर्ड' दिसलं. अलाबामाने राज्यघटनेतनं ते कलम २००० साली मतदान घेऊन काढलं आणि तेव्हाही साधारण ४० टक्के मतं ठेवा म्हणणारी पडली. जनगणनेचा फॉर्म लोकांनी स्वतः भरायला सुरुवात १९६० ला झाली, आणि एकाहून जास्त रकान्यांत खूण करायची मुभा २००० ला मिळाली, ब्रिटनमध्ये 'मिक्स्ड' हा वर्ग २००१ ला आला. म्हणजे मी दोन्ही आहे असं सरकारी कागदावर म्हणता येऊन अजून तीस वर्षंही झाली नाहीत.

तरी बघणाऱ्याची नजर काही फॉर्मबरोबर बदलत नाही. मिश्र चेहरे दाखवून केलेल्या प्रयोगांत अमेरिकेत असं आढळलंय की अर्ध्याला अर्धा असलेला चेहराही लोक कमी दर्जाच्या मानल्या गेलेल्या गटात टाकतात, गोरा म्हणायला त्यांना अर्ध्यापेक्षा बराच जास्त गोरेपणा लागतो. आणि माणसाने स्वतः नाव घेतलं तरी बोलणी खावी लागतात, गोल्फपटू टायगर वूड्सने १९९७ ला टीव्हीवर आपण 'कॅब्लिनेशियन' आहोत असा, कॉकेशियन, ब्लॅक, इंडियन, एशियन जोडून लहानपणी बनवलेला शब्द सांगितला तर काळ्या समाजातलेच लोक नाराज झाले, आणि ओबामांनी २०१० च्या फॉर्मवर फक्त 'ब्लॅक' निवडलं तर आईला विसरलात का असं विचारणारे निघाले. मला वाटतं दोघांनाही तो हक्क होता, आणि दोघांकडूनही खुलासा मागायचं कुणाला कारण नव्हतं.

अमेरिकेच्या जनगणनेत २०१० मध्ये एकापेक्षा जास्त वंश नोंदवणारे ९० लाख होते, २०२० मध्ये ३ कोटी ३८ लाख. एवढी मुलं दहा वर्षांत जन्मली नाहीत, बराचसा फरक नोंदीच्या पद्धतीतला आहे, आधी लोकांनी हाताने लिहिलेल्यातली पहिली ३० अक्षरंच घेतली जायची, आता २०० घेतात, आणि लिहायला नीट जागाही दिली. लोक आधीपासून सांगत होते, ऐकून घ्यायला जागाच नव्हती. एक कागद मात्र अजून तसाच आहे, तो म्हणजे मृत्यूचा दाखला. तिथे वंशाचा रकाना अंत्यविधी करणारा माणूस घरच्यांना विचारून भरतो, आणि विचारणं राहिलंच तर चेहरा बघून.