टॉरंट की सिंकथिंग? मित्रांच्या खासगी फायलींसाठी

नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मिरवणुकीचं शूटिंग चार-पाच मित्रांनी केलं, की व्हिडिओ सहज पन्नास जीबीच्या वर जातात. गूगलची फुकट जागा १५ जीबी. एक मित्र इतवारीत, एक हिंगण्याला, एक पुण्याला नोकरीत. मग कोणीतरी म्हणतंच, "टॉरंट कर ना बे, सिंकथिंग बी तेच होय."

टॉरंट (म्हणजे बिटटॉरंट) आणि सिंकथिंग, दोन्हींत फाइल तुकड्यांत फुटून थेट एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जाते, म्हणून हा घोळ होतो. काम मात्र फार वेगळं आहे.

ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये आणलेलं बिटटॉरंट एकदा पक्की झालेली फाइल पुष्कळ लोकांना वाटण्यासाठी आहे. टॉरंट, म्हणजे फाइलच्या तुकड्यांची यादी, बनवल्यावर व्हिडिओ जरा जरी कापला, तरी नवं टॉरंट बनवावं लागतं. खासगीपणाचं तर विचारूच नका. मॅग्नेट लिंक, म्हणजे टॉरंटचा पत्ता, ज्याच्या हाती लागली, तो फाइल उतरवू शकतो. टॉरंट बनवताना 'प्रायव्हेट'वर टिक केल्याने एवढंच होतं, की बाकीचे कॉम्प्युटर फक्त ट्रॅकरमार्फत, म्हणजे फाइल कोणाकोणाकडे आहे ते सांगणाऱ्या सर्व्हरमार्फत, सापडतात. फाइलला कुलूप लागत नाही. टॉरंटच वापरायचं असेल, तर आधी सेव्हन-झिप या प्रोग्रॅमने पासवर्ड घालून फाइल बांधा.

सिंकथिंग २०१३ चं, मुक्तस्रोत. ते सगळ्यांकडचं फोल्डर सारखं ठेवतं. प्रत्येक यंत्राला लांबलचक ओळख-क्रमांक असतो आणि दोघांनी एकमेकांना मान्य केल्याशिवाय काहीच हलत नाही. मोबाइल डेटावर किंवा काही ब्रॉडबँडवर बाहेरून थेट जोडणी होत नाही. तिथे टॉरंट बरेचदा शून्यावर अडकतं, सिंकथिंग मधल्या रिले सर्व्हरवरून वाट काढतं. वेग पडतो, पण रिलेला मजकूर वाचता येत नाही.

म्हणून मित्रांच्या ग्रुपला मी सिंकथिंगच सुचवीन; टॉरंट फक्त तयार फिल्म वाटायला. पण एक गोष्ट कळकळीने सांगतो: सिंकथिंगला बॅकअप समजू नका. पुण्याच्या मित्राने जागा करायला फाइल पुसली, तर ती सगळ्यांकडून पुसली जाते. मूळ फुटेज ज्याच्याकडे आहे, त्याने फोल्डर 'सेंड ओन्ली' (दुसऱ्यांचे बदल घेत नाही) ठेवावं, नुसतं बघणाऱ्यांनी 'रिसीव्ह ओन्ली' (आपले बदल पाठवत नाही). एडिटिंग करणाऱ्यांना दोन्हीकडून बदल हवेच असतात, त्यांनी फाइल व्हर्जनिंग सुरू करावं. दुसऱ्याने पुसलेली फाइल मग आपल्याकडे बाजूला राहते. आणि मूळ कार्ड रिकामं करण्याआधी सगळं एका वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवून घ्या.