एकगठ्ठा बदल आणि टूलचं वर्णन : पार्श्वभूमी

वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या ॲपमधला बाजारभावाचा स्क्रीन डोळ्यासमोर आणा. त्यावर सहा ओळी आहेत: कापूस, तूर, मूग, सोयाबीन, उडीद, हरभरा. मार्च लागला, मूग-उडदाची आवक संपली, म्हणून एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः करणाऱ्या एआयला, या दोन ओळी काढायला सांगितलं. त्याने एकाच खेपेत तिसरी आणि पाचवी ओळ काढण्याचा हुकूम दिला. तिसरी निघाली, खालच्या ओळी एकेक वर सरकल्या, पाचव्या जागी हरभरा आला आणि तोच उडाला. उडीद तसाच राहिला. ऐन हरभऱ्याच्या हंगामात कास्तकाराला हरभऱ्याचा भाव दिसेना.

असं काम एजंट ‘टूल’ वापरून करतो, म्हणजे ॲपने त्याला दिलेली एखादी ठरावीक क्रिया. या टूलच्या वर्णनात लिहिलं होतं फक्त ‘ओळी काढते’. क्रमांक मूळ यादीचे धरायचे की प्रत्येक ओळ निघाल्यावर नव्याने मोजायचे, याचा पत्ताच नव्हता.

ही अडचण एआयच्या आधीची आहे. माहितीच्या फायलीत करायच्या बदलांची यादी कशी लिहायची ते ठरवणाऱ्या, एप्रिल २०१३ च्या जेसन पॅच या मानकाने (आरएफसी ६९०२) दोन गोष्टी लिहून ठेवल्या: बदल दिलेल्या क्रमानेच लागू होतील आणि पुढचा बदल आधीच्या बदलाने तयार झालेल्या मजकुरावर होईल, आणि एकही फसला तर सगळा गठ्ठा फसला. गूगल शीट्सच्या एकगठ्ठा अपडेटमध्येही एक विनंती अवैध निघाली तर काहीच लागू होत नाही. गूगल डॉक्सची माहितीपुस्तिका तर सरळ सांगते की विनंत्या मागून पुढे लिहा, म्हणजे आधीचे क्रमांक हलत नाहीत. आपल्या यादीतही आधी पाचवी आणि मग तिसरी काढली असती तर हरभरा वाचला असता.

इंटरफेसच्या, म्हणजे स्क्रीन बनवण्याच्या, जगात मात्र ‘बॅच’चा, म्हणजे गठ्ठ्याचा, अर्थ वेगळाच रुजला. मार्च २०२२ मध्ये आलेल्या रिॲक्ट १८ या स्क्रीन बनवण्याच्या साधनातलं आपोआप बॅचिंग वेगासाठी आहे: अनेक बदल गोळा करून स्क्रीन एकदाच रंगवायचा. मधला एखादा बदल फसला तर बाकीचे मागे घेऊ, अशी हमी त्यात नाही. म्हणजे एकाच शब्दात वेग, क्रम आणि ‘सगळं किंवा काहीच नाही’ अशी तीन वचनं मिसळली. वर्णन लिहिणाऱ्याने यातलं कोणतं दिलंय ते उघड लिहिलं नाही, तर एजंट अंदाज बांधतो. आमच्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं.

वर्णनाचा वाचकही बदलत गेला. ३ नोव्हेंबर १९७१ च्या, युनिक्स या संगणक प्रणालीच्या पहिल्या मॅन्युअलचा वाचक माणूस होता. अडला तर शेजारच्याला विचारायचा. पुढे स्कीमा, म्हणजे माहितीचा साचा ठरवणारे नियम, आले. आकडा आहे की मजकूर, एवढं ते तपासतात, अर्थ त्यांना कळत नाही. १३ जून २०२३ ला ओपनएआयने फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलने (एआयनेच) टूल निवडून बोलावण्याची सोय, आणलं आणि नाव, वर्णन, स्कीमा हे तिन्ही थेट मॉडेलपुढे गेले. आतला कोड मॉडेलला दिसत नाही, म्हणून वर्णन हा चालत्या यंत्राचाच भाग झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एमसीपी, म्हणजे एआयला बाहेरची टूल्स जोडण्याची सामाईक पद्धत, खुली केल्यावर अनोळखी लोकांनी लिहिलेली टूल्सही एजंटच्या हाती येऊ लागली. एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूलवर लावायच्या खुणा आल्या: फक्त वाचणारं, नासधूस करू शकणारं, पुन्हा चालवलं तरी फरक न पडणारं. या खुणा म्हणजे फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण. धोका किती ते त्रिकोण सांगतो. १५ लिटरच्या पंपाला किती औषध टाकायचं, ते चिठ्ठीच वाचून कळतं.

म्हणून ओळी काढणाऱ्या त्याच टूलची चिठ्ठी अशी हवी (आयडी म्हणजे प्रत्येक ओळीची न बदलणारी ओळखखूण): ‘बाजारभाव स्क्रीनवरच्या ओळी काढते. ओळ क्रमांकाने नाही, आयडीने द्या. आयडी आधी यादी वाचून घ्या. एका वेळी जास्तीत जास्त २० ओळी. एकही आयडी चुकला तर एकही ओळ निघत नाही. काढलेली ओळ परत आणता येत नाही. हंगामापुरती झाकायची असेल तर लपवण्याचं टूल वापरा.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मुगाची ओळ खरं तर लपवायचीच होती.

आयडीचा आग्रह धरण्याचं आणखी एक कारण आहे. ‘तूर’ कुठे ‘तुर’ असं टाइप झालेलं असतं, आणि नावावरून शोधणारं टूल तिथे हमखास चुकतं. ओपनएआयच्या फंक्शनच्या नावात रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि डॅश एवढंच चालतं, तेही ६४ अक्षरांपर्यंत. त्यामुळे स्क्रीनवर दिसणारा मराठी शब्द वर्णनातच द्यावा लागतो.

भाव बदलणाऱ्या टूलमध्ये एकक लिहायलाच हवं. सरकीसकट कापूस क्विंटलने विकतो, रुई ३५६ किलोच्या खंडीने. नुसता ‘भाव : आकडा’ लिहिला तर स्कीमा दोन्ही आकडे बिनतक्रार पास करतो. ‘१०० ने वाढवा’ अशी क्रियाही टाळावी. गावात रेंज गेली, उत्तर आलं नाही, एजंटने तोच गठ्ठा पुन्हा पाठवला, की भाव २०० ने चढतो. ‘अमुक रुपये करा’ हे दहादा पाठवलं तरी भाव तोच राहतो.

टूल परत काय देतं, तेही वर्णनातच यावं. ‘अपडेट अयशस्वी’ एवढ्यावर एजंट तोच गठ्ठा पुन्हा ढकलतो. ‘चौथा आयडी सापडला नाही, काहीही बदललेलं नाही, यादी पुन्हा वाचा’ असं उत्तर मिळालं तर तो आधी यादी वाचायला जातो.