नाव बदललं, आडनाव राहिलं : नागपुरातली पार्श्वभूमी

शूद्राचं नाव ‘जुगुप्सित’ असावं, हे मनुस्मृतीतलं वचन बहुतेकांना ठाऊक आहे. त्यावर इथे थांबत नाही. नागपुरात स्वतःचं नाव स्वतः ठरवण्याची लाट आली ती १४ ऑक्टोबर १९५६ नंतर, म्हणजे डॉ. आंबेडकरांनी अनुयायांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर.

दीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत नावाविषयी चकार शब्द नाही. पण राम-कृष्ण, गौरी-गणपती मानणार नाही असं जाहीर म्हटल्यावर रामा, किसन, गणपत ही आपलीच नावं टोचू लागली. मग सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता, संघमित्रा आली. नागसेन इथे जास्त जवळचा वाटावा, याला कारण आहे. दीक्षेसाठी नागपूरच का निवडलं, याचं उत्तर आंबेडकरांच्या दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नाग लोकांच्या इतिहासाशी जोडून दिलं गेलं होतं. शिवाय नागसेन म्हणजे राजाच्या प्रश्नांपुढे न दबणारा भिक्खू. कॉलेजात जाणाऱ्या पोराने हे नाव घेतलं, तर त्यात पुढच्या आयुष्याचा बेतच असे.

आडनावं मात्र राहिली : मेश्राम, गजभिये, रामटेके, वासनिक. ‘जात सांगणारं शेपूट कशाला ठेवलं?’ हा वाद जुना आहे. (मेश्राम गोंडांतही असतात, त्यामुळे शेपूट दरवेळी खरं सांगतंच असं नाही.) ठेवणाऱ्यांना भित्रं ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. कागद बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू आणि मोजक्या शीख जातींपुरता होता. १९५६ मध्ये त्यात सगळे दलित शीख आले, बौद्ध नाही. महाराष्ट्राने राज्यस्थापनेनंतर सवलती दिल्या, केंद्राने थेट १९९० मध्ये. पुढे जात पडताळणीचा कायदा आला आणि १० ऑगस्ट १९५० ही त्या आदेशाची तारीख मानगुटीवर बसली. त्याआधीचा पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांची कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीतली) नाहीतर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधली नोंद, आणि तिथवर पोचवणारा धागा आडनावाचाच. त्यातून दीक्षेच्या दिवशी नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि १ नोव्हेंबरला मुंबई राज्यात गेलं, म्हणजे जुन्या कागदांवर शिक्केही दुसऱ्या सरकारचे. आडनाव बदलणाऱ्याला राजपत्राची प्रत, प्रतिज्ञापत्र, वंशावळ हे सगळं घेऊन ‘तो मीच’ हे सिद्ध करत बसावं लागतं. ज्या घरातला पहिलाच मुलगा नोकरीच्या उंबरठ्यावर होता, त्या घराने हा धोका का पत्करावा?

तरीही काहींनी आडनाव गाळलं, काहींनी त्या जागी गौतम लावलं.

अलीकडे ही वाट इतरांसाठीही उघडली. तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावरून कागदपत्रांतलं नाव बदलता येतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम राज्याने ठरवला आहे.