क्रमांक पुसला, ठसा उरला

अमेरिकेतील जुन्या गाड्यांच्या बाजारात 'मॅचिंग नंबर्स' हे शब्द मंत्रासारखे उच्चारले जातात. इंजिनावर ठोकलेला क्रमांक आणि गाडीच्या सांगाड्यावरचा क्रमांक एकमेकांशी जुळले की गाडी अस्सल, अशी त्यामागची समजूत असून आपल्याकडचे जुन्या गाड्यांचे शौकीनही आता याच कसोटीवर बोलू लागले आहेत. ही समजूत दोन्ही बाजूंनी लंगडी आहे, कारण जुळणारे क्रमांक नंतर ठोकलेले असू शकतात आणि खरोखर शर्यतीत धावलेल्या गाडीला मुळात क्रमांकच नसू शकतो. यांपैकी पहिल्या मुद्द्यामागे धातुशास्त्रातील एक अत्यंत देखणी गोष्ट दडलेली आहे आणि हा लेख मुख्यतः तिच्यासाठी लिहिला आहे.

'स्टॉक कार' म्हणजे दुकानात मिळते तशीच गाडी. निदान नावापुरती तरी. अशा गाड्यांच्या शर्यती भरवणारी नॅस्कार ही अमेरिकी संस्था १९४८ साली स्थापन झाली आणि १९ जून १९४९ रोजी शार्लट येथील मातीच्या धावपट्टीवर तिने केवळ अशा 'जशाच्या तशा' गाड्यांची पहिली शर्यत घेतली. ग्लेन डनवे हा चालक १९४७ सालची फोर्ड घेऊन पहिला आला खरा, परंतु तपासणीत त्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा चोरटी दारू वाहणाऱ्यांच्या पद्धतीने बदललेल्या आढळल्याने तो बाद ठरला आणि लिंकन चालवणाऱ्या जिम रोपरला विजेता घोषित करण्यात आले. फोर्डचा मालक न्यायालयात गेला आणि हरला. अस्सलपणाचा वाद या खेळात पहिल्याच दिवशी जन्माला आला, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे गाड्या अधिकाधिक वेगळ्या होत गेल्या. १९६९ सालची डॉज चार्जर डेटोना आणि १९७० सालची प्लिमथ सुपरबर्ड या टोकदार नाकाच्या, मागे उंच पंख असलेल्या गाड्या शर्यतीसाठी घडवल्या गेल्या होत्या. पण सर्वसामान्य ग्राहकाला ठरावीक संख्येने विकल्याखेरीज त्यांना शर्यतीत प्रवेश नव्हता, म्हणून डेटोना पाचशेच्या थोड्या वर आणि सुपरबर्ड एकोणीसशेहून अधिक तयार झाल्या. सुपरबर्डची मागची काच बसवण्यासाठी जो जादा पत्रा जोडावा लागे, त्याचे वेल्डिंग झाकण्याकरिता रस्त्यावरच्या गाड्यांना छतावर व्हिनाइलचे आच्छादन घातलेले असे. २४ मार्च १९७० रोजी बडी बेकर या चालकाने टॅलाडेगाच्या धावपट्टीवर चाचणीसाठीच्या डेटोनातून ताशी दोनशे मैलांची मर्यादा ओलांडली. १९७१ साली मात्र पंखवाल्या गाड्यांना जेमतेम पाच लिटरच्या इंजिनाचे बंधन आले आणि त्यांची सद्दी संपली. शर्यतीच्या जुन्या गाड्यांचे पुढे जे होते, तेच त्यांचेही झाले: काहींचे नाक-पंख उतरले, काहींवर पुढच्या वर्षीचा पत्रा चढला, काही खालच्या दर्जाच्या शर्यतींत ठोकरा खात संपल्या.

अशा अनेक गाड्या कारखान्यातून आलेल्या, रंग किंवा क्रमांकपट्टी नसलेल्या कोऱ्या सांगाड्यावर उभ्या केलेल्या असत. त्यांच्या बाबतीत क्रमांक विचारणेच व्यर्थ. तेथे पंखाच्या बैठकीची बुजवलेली भोके, संरक्षक नळ्यांच्या पिंजऱ्याचे जोड आणि रंगाचे एकाखाली एक आलेले थर वाचावे लागतात. रस्त्यावर विकलेल्या गाड्यांचे तसे नाही. तेथे क्रमांक थेट पोलादात ठोकलेला असतो आणि लबाडीची सुरुवातही तेथूनच होते. साध्या गाडीचा क्रमांक कानशीने किंवा ग्राइंडरने उडवायचा आणि दुर्मीळ गाडीचा क्रमांक त्या जागी ठोकायचा, म्हणजे किंमत कित्येक पटींनी वाढते.

ठसा तासून पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत केला, तरी जुना क्रमांक गेलेला नसतो. तो का जात नाही, हे समजण्यासाठी पुण्याच्या तांबट आळीत डोकावावे. तांबट हंडा मठारतो तेव्हा नक्षी उमटते, त्याचबरोबर मऊ तांब्याचा पत्रा हातोडीच्या प्रत्येक घावासरशी कडक होत जातो. तो फार कडक झाला की भट्टीत तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. घाव घातल्याने धातू कडक होतो आणि तापवल्याने ते कडकपण विसरतो, या दोन वाक्यांत पुढचे सगळे शास्त्र सामावलेले आहे.

पोलाद असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचे बनलेले असते आणि प्रत्येक कणात अणू रांगेने मांडलेले असतात. ही मांडणी पूर्णपणे निर्दोष मात्र कधीच नसते. अणूंचा एखादा पडदा अर्ध्यातच संपतो आणि त्याच्या कडेने एक चुकलेली रेषा स्फटिकातून जाते; तिला विस्थापनरेषा म्हणू. मोठी सतरंजी एका दमात ओढता येत नाही, पण तिला एका टोकाला सुरकुती पाडून ती सुरकुती दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत नेली की सगळी सतरंजी थोडी सरकते. धातू वाकतो तो अशाच सुरकुत्या सरकल्यामुळे. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. पंचाचा, म्हणजे अंक उमटवणाऱ्या पोलादी ठशाचा, घाव बसला की या रेषा नुसत्या सरकत नाहीत, त्या वाढतात आणि एकमेकींत अडकतात. सावकाश थंड झालेल्या मऊ पोलादाच्या एका चौरस सेंटीमीटरमधून साधारण दहा लाख ते दहा कोटी विस्थापनरेषा जातात; जोरात ठोकलेल्या धातूत हाच आकडा दहा हजार कोटींपासून एक लाख कोटींपर्यंत पोहोचतो.

हा गुंता अक्षराच्या तळाशी थांबत नाही. पंच जितका आत जातो, त्याच्याही बऱ्याच खालपर्यंत धातू दबलेला असतो. तासणाऱ्याची कानस अक्षराचा खड्डा संपला की थांबते, कारण डोळ्याला आणखी काहीच दिसत नाही. खाली उरलेल्या दबलेल्या भागात मात्र घावाची ऊर्जा साठून राहिलेली असते. घावाची बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते आणि जेमतेम दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी आत अडकतो. पण रसायनशास्त्राला तेवढा पुरतो, कारण ताणलेला धातू शेजारच्या निवांत धातूपेक्षा जरा लवकर विरघळतो. १९२१ साली अडोल्फ फ्राय या जर्मन धातुशास्त्रज्ञाने क्युप्रिक क्लोराइड आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे जे द्रावण पोलादातील ताणाच्या रेषा पाहण्यासाठी वापरले, तेच आजही पुसलेले क्रमांक वाचायला वापरतात. द्रावणातील तांब्याचे आयन लोखंडाकडून इलेक्ट्रॉन घेतात, लोखंड विरघळते, आणि एकाच पत्र्यावर दबलेला भाग ऋणाग्र सोडून धनाग्राची भूमिका घेतो, म्हणजे गंजण्याची पाळी आधी त्याच्यावर येते.

येथे आणखी एक थर आहे आणि तो मला सर्वांत प्रिय आहे. पोलादात कार्बन आणि नायट्रोजन यांचे थोडे सुटे अणू असतात. लोखंडाच्या जाळीत ते अवघडून बसलेले असल्याने विस्थापनरेषेजवळची सैल जागा त्यांना सोयीची वाटते आणि सवडीने ते तिच्याभोवती गोळा होतात. शार्लटची ती शर्यत झाली त्याच १९४९ साली कॉट्रेल आणि बिल्बी यांनी या गर्दीचा सिद्धांत मांडला. तापवल्यास ही क्रिया वेगाने होते, पण साध्या हवामानातही ती हळूहळू चालूच असते. म्हणजे पन्नास वर्षे गोठ्यात पडून राहिलेल्या गाडीच्या पत्र्यातील घावाची खूण त्या अणूंनी अधिकच घट्ट धरून ठेवलेली असते.

अभियांत्रिकीला असताना मी आणि माझ्या एका मित्राने मऊ पोलादाच्या पट्टीवर एक अंक ठोकून तो कानशीने पुरता घालवला होता. पॉलिश पेपर घासून झाल्यावर हिरवट द्रावणात बुडवलेला कापसाचा बोळा त्यावरून फिरवत बसलो. पहिली दहा मिनिटे काहीच झाले नाही. मग राखाडी पृष्ठभागावर, श्वासाने काचेवर वाफ धरावी तशी, एक वळणदार काळसर सावली वर आली. मित्र म्हणाला तीन, मी म्हणालो आठ. छायाचित्र काढेपर्यंत डाव्या बाजूची कड फिकट होऊ लागली होती, कारण आम्ल ज्या थरामुळे अंक दाखवते, तोच थर ते खात असते.

पोलादाला हे सगळे विसरायला लावणारी गोष्ट म्हणजे उष्णता. थंड अवस्थेत ठोकलेले पोलाद साधारण ५०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्यात नवे, निर्दोष स्फटिककण वाढतात आणि जुना गुंता गिळून टाकतात. तांबटाच्या भट्टीत तांब्याचे होते तेच. क्रमांकाच्या जागी वेल्डिंगचा थर चढवला असेल, तर फ्रायचे द्रावणही हात टेकते. इंजिनाचा ओतीव लोखंडी ठोकळा वेगळ्याच कारणाने त्रास देतो. त्यात ग्रॅफाइटच्या पापड्या असल्याने तो दबण्याऐवजी चुरतो आणि घावाची खूण फार खोल जात नाही. म्हणून तेथे जाणकार क्रमांकापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या पृष्ठभागाकडे पाहतात. कारखान्यातील यंत्राने सोडलेल्या बारीक समांतर रेषा असलेली जागा एकदा घासली गेली, की त्या रेषा तशाच पुन्हा उमटवणे सोपे नसते. ठोकळा ओतल्याची तारीख गाडी जोडल्याच्या तारखेनंतरची निघाली, तर वेगळ्या पुराव्याची गरजच उरत नाही.

या क्षेत्रातील माणसे एरवी मोठी श्रद्धाळू असतात. हिरवा रंग आणि शेंगदाणे अपशकुनी, ही नॅस्कारमधील जुनी समजूत आहे. आपणही त्यात मागे नाही. नंबरप्लेटची बेरीज नऊ यावी म्हणून परिवहन कार्यालयात हजारो रुपये मोजणारा माणूस जुनी गाडी घेताना चॅसिसवरचा क्रमांक, ज्यावर तिची खरी ओळख अवलंबून असते, एकदा वाकूनही पाहत नाही. लिलावाच्या चकचकीत माहितीपत्रकातील 'प्रमाणित' हा शब्द वाचतानाही क्रमांक वाकून पाहण्याची सावधगिरी हवी.

माझी खरी तक्रार पुनरुद्धार करणाऱ्यांशी आहे, लबाडांशी तितकी नाही. गाडी नव्यासारखी दिसावी म्हणून ते पत्रा वाळूच्या फवाऱ्याने उघडा करतात, भोके बुजवतात, लांबी (पुट्टी) भरून घासतात, सडलेला भाग कापून नवा जोडतात. आणि या प्रामाणिक कामात शर्यतीच्या गाडीबद्दल जे काही सांगता आले असते, ते निम्म्याहून अधिक नाहीसे होते. डॅशबोर्डमागे किंवा डिकीच्या कोपऱ्यात हातभर जागा जुन्या रंगांसकट, वेल्डिंगच्या ओबडधोबड गाठींसकट न शिवता ठेवली, तर गाडीच्या देखणेपणात काहीच उणे येत नाही. तरीही बहुतेकांचा हात तेथे थांबत नाही.

आमची ती पट्टी अजून माझ्या खणात आहे. दोन वर्षांपूर्वी हुक्की आली म्हणून मी ती पुन्हा घासून द्रावण लावले आणि तासभर वाट पाहिली. पट्टी एकसारखी काळवंडली आणि अंक काही आला नाही. तीन की आठ, हा वाद तेव्हाच्या धूसर छायाचित्रावर आजही चालू आहे.