"चालायलाय नव्हं, मग कशाला हात लावायचा?": सर्व्हरचं फर्मवेअर आणि ते बदलणारं टूल

आपल्या सीमाभागात सर्व्हर म्हटलं की डोळ्यासमोर मोठी एसीची खोली वगैरे आणू नका. निपाणीतली एखादी क्रेडिट सोसायटी, बेळगावच्या उद्यमबागेतली फौंड्री, चिकोडीकडचा साखर कारखाना, इथं सर्व्हर म्हणजे मॅनेजरच्या केबिनमागं जुन्या लेजरच्या गठ्ठ्याशेजारी ठेवलेला एक काळा डबा, आणि त्याच्यावर मार्करनं "बंद करू नये" लिहून चिकटवलेला कागद. पिग्मीचे सगळे हिशेब त्यात, काट्यावरची उसाची वजनं त्यात, आणि बसवणारा माणूस बसवून गेला तो गेलाच. विंडोज अपडेट होतंय, अकाउंटचं सॉफ्टवेअर अपडेट होतंय, अँटिव्हायरसचे पैसे भरा म्हणून दरवर्षी फोन येतोय, पण त्या डब्याच्या फर्मवेअरला, म्हणजे आतल्या चिपांत लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमला, पहिल्या दिवसापासून कुणी शिवलेलं नसतंय. विचारलं तर उत्तर ठरलेलं: चालायलाय नव्हं, मग कशाला हात लावायचा?

मला हे उत्तर पटत नाही, आणि का पटत नाही ते एका आकड्यावरून सांगतो. आकडा आहे ३२,७६८.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीनं आपल्या ग्राहकांना एक नोटीस काढली, की आमच्या सर्व्हरमधल्या काही ठराविक सास एसएसडी (सर्व्हरात बसणाऱ्या एका जातीच्या डिस्क) बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडणार. स्लो होणार, एरर देणार असं काही नाही, थेट बंद, आणि आतला डेटासुद्धा परत मिळणार नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. कॉम्प्युटरवाल्याला हा आकडा बघताक्षणी ओळखू येतो, २ चा १५ वा घात आहे हा. १६ बिटांत अधिक-उणे दोन्ही मावेल असा आकडा साठवला तर तो जास्तीत जास्त ३२,७६७ पर्यंत जातो, त्याच्या पुढं एक मिळवला की सरळ उणे ३२,७६८ होतो. तासाच्या मीटरमधली अशीच एवढीशी चूक असावी. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), आपण डिस्क गेली तर गेली, रेड म्हणजे अनेक डिस्कची जोडणी आहे की, दुसऱ्या डिस्कवर कॉपी आहे की, असं म्हणून निवांत असतोय. पण त्या चारही डिस्क एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच दिवशी चालू केलेल्या, म्हणजे चौघींचा मीटर एकाच वेळी भरणार, मग रेड काय कामाचा? पुढं मार्च २०२० मध्ये दुसऱ्या काही मॉडेलसाठी तसलीच नोटीस आली, तिथं मर्यादा होती ४०,००० तास. दोन्ही वेळी उपाय एकच, डिस्कचं फर्मवेअर अपडेट करा, वेळ भरायच्या आत करा. बाहेरून त्या डिस्क अगदी धडधाकट, "चालायलाय" याच अवस्थेत होत्या.

तर फर्मवेअर म्हणजे काय? सर्व्हरच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाच्या पोटात एक चिप असते आणि त्या चिपमध्ये लिहून ठेवलेला त्या भागापुरता प्रोग्रॅम असतो, तेच फर्मवेअर. डिस्कचं वेगळं, रेड कार्डचं वेगळं, नेटवर्क कार्डचं वेगळं आणि मदरबोर्डचं म्हणजे आपलं बायोस, ज्याला आता यूईएफआय म्हणतात. बटण दाबलं की प्रोसेसरला काहीच माहीत नसतं, विंडोज कुठं आहे, डिस्क कुठली, काही नाही, इतकंच काय रॅमसुद्धा तेव्हा वापरण्यालायक झालेली नसते. त्याला फक्त एक पत्ता ठाऊक असतो, ४ जीबीच्या टोकापासून १६ बाइट अलीकडचा, आणि तो पत्ता नेमका त्या बायोसच्या चिपकडं बोट दाखवतो. पहिली सूचना तिथनं उचलायची, मग रॅम जागी करायची, मग बाकीचं. म्हणजे ती चिप कोरी झाली तर पडद्यावर एररसुद्धा येणार नाही, कारण एरर दाखवणारा प्रोग्रॅमही त्याच चिपमध्ये असतोय.

अपडेटची भीती येते ती इथनं. ही चिप फ्लॅश जातीची. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढं मांडलेली ही कल्पना, त्याच्या आधीच्या बऱ्याच चिपा पुसायला त्यांच्या काचेच्या खिडकीतनं अल्ट्राव्हायोलेट उजेड सोडावा लागायचा आणि त्याला पंधरा-वीस मिनिटं जायची. फ्लॅशमध्ये विजेनंच पुसता येतं, पण तिचा एक हट्ट आहे. प्रत्येक कप्प्यात अडकवलेले इलेक्ट्रॉन म्हणजे ०, मोकळा कप्पा म्हणजे १. १ चा ० एकेक करून करता येतो, पण ० चा परत १ करायचा तर अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. शाळेतल्या पाटीसारखं, एक अक्षर खोडून तिथंच दुसरं लिहिता येत नाही, पाटी ओल्या फडक्यानं पूर्ण पुसायची आणि मगच लिहायचं. म्हणजे जुनं पुसलंय आणि नवं अजून लिहून व्हायचंय असा मधला वेळ प्रत्येक ब्लॉकला येतोच येतो, आणि त्याच वेळी करंट गेला तर चिपमध्ये ना जुनं ना नवं.

एकेकाळी ही चिप कुणीही पुसू शकत होतं. १९९८ मध्ये आलेला सीआयएच नावाचा व्हायरस नेमकं हेच करायचा, २६ एप्रिल उजाडला की डिस्कची वाट लावायची आणि जमलं तर बायोसही खराब करायचं, १९९९ च्या २६ एप्रिलला जगभर असे कॉम्प्युटर मेले. त्यानंतर हळूहळू कुलपं आली. आजच्या सर्व्हरमध्ये मशीन चालू होताना सुरुवातीलाच बायोसची चिप लॉक होते, मग विंडोज उठल्यावर अगदी अॅडमिनिस्ट्रेटर असलात तरी तिथं थेट लिहिता येत नाही. म्हणून तर अपडेटचं टूल नवी फाइल नुसती नेमून दिलेल्या जागी ठेवतं आणि म्हणतं, रिस्टार्ट करा. रिस्टार्ट झाल्यावर, कुलूप पडायच्या आधी, जुनं फर्मवेअर स्वतः ती फाइल उघडतं, कंपनीची डिजिटल सही तपासतं, सही खरी निघाली तरच लिहायला घेतं. लोकांना वाटतं रिस्टार्ट ही विंडोजची कटकट आहे, इथं तसं नाही, खरं काम रिस्टार्टमध्येच होतंय.

आता टूलकडं येऊ. डेलचं डेल सिस्टम अपडेट, एचपीईचं स्मार्ट अपडेट मॅनेजर, लेनोवोचं अपडेटएक्सप्रेस, आणि लिनक्सवाल्यांसाठी रिचर्ड ह्यूज यांनी सुरू केलेलं एफडब्ल्यूअपडी. नावं वेगळी पण सगळ्यांची चाल जवळपास एकच, आधी मशीनमध्ये काय काय बसवलंय आणि कुठलं व्हर्जन आहे याची यादी करायची, मग कंपनीच्या कॅटलॉगशी ताडून बघायची, मग काय नवीन आलंय ते दाखवायचं आणि तुम्ही हो म्हटलं की उतरवून घ्यायचं आणि चढवायचं. कॅटलॉगशी ताडून बघण्यापर्यंतचा भाग पूर्ण निर्धोक आहे, तो दुपारी सोसायटी चालू असतानासुद्धा करता येतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या दिवशी एवढंच करावं. रिपोर्ट प्रिंट काढायचा, घरी जायचं.

टूल बसवताना एक गोष्ट हमखास अडते. या सर्व्हरच्या आत आणखी एक छोटा कॉम्प्युटर असतो, बीएमसी म्हणतात त्याला, डेलवाले आयड्रॅक म्हणतात, एचपीईवाले आयएलओ. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, बऱ्याच वेळा नेटवर्कचं भोकसुद्धा वेगळं, आणि मुख्य सर्व्हर बंद असला तरी वायर प्लगात आहे तोवर हा जागाच. पंखे किती जोरात फिरवायचे, तापमान किती, कुठली पॉवर सप्लाय गेली, हे सगळं तो बघतोय. काही कंपन्यांची टूलं याच्याशी बोलायला विंडोजच्या आतच एक यूएसबीवरचं खोटं नेटवर्क कार्ड उभं करतात आणि त्याचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होतो. कुणीतरी हुशार माणूस "हे कसलं फालतू नेटवर्क" म्हणून ते डिसेबल करून ठेवतोय, नाहीतर फायरवॉल ते अडवतोय, आणि मग टूल म्हणतं बीएमसी सापडत नाही. टूल खराब नसतं, रस्ता बंद केलेला असतो. बाकी इन्स्टॉल म्हणजे विशेष काही नाही, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, लिनक्सवर रूट म्हणून, आणि फाइल कंपनीच्याच साइटवरनं घ्या. खानापूरकडच्या एखाद्या गावात नेट तुटत तुटत येत असेल तर मोठी फाइल बेळगावातच उतरवून पेनड्राइव्हवर न्या आणि साइटवर दिलेला शा-२५६ चा ६४ अक्षरांचा ठसा आपल्या फाइलच्या ठशाशी जुळतोय का बघा. फाइलीत एक बिट जरी इकडचं तिकडं झालं तरी तो ठसा पार बदलतो.

बीएमसीचा दुसरा मोठा फायदा म्हणजे विंडोज नसलं तरी, अगदी सर्व्हर बंद असतानाही, ब्राउझरमधनं त्याचं पान उघडून बायोसची फाइल देता येते. अनेक मॉडेलात बायोस मेलेला असला तरी बीएमसी तो परत लिहू शकतो. हे नसेल तर मग चिपेला क्लिप लावून प्रोग्रामर नावाच्या यंत्रानं लिहायचं काम, जे लॅपटॉप रिपेरवाले "बायोस मारणं" म्हणतात. सर्व्हरवर ती वेळ न आलेली बरी.

क्रमाचं म्हणाल तर साधारण बीएमसी आधी, मग बायोस, मग रेड कार्ड, डिस्क, नेटवर्क. फार जुन्या व्हर्जनवरनं थेट शेवटच्यावर उडी मारता येईलच असं नाही, कधी मधलं एक व्हर्जन आधी चढवावं लागतं, आणि काही व्हर्जन चढलं की मागं परतच येता येत नाही. हे सगळं रिलीज नोट्समध्ये लिहिलेलं असतं आणि कुणीच वाचत नाही. विंडोजवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू असेल तर अपडेटच्या आधी तो सस्पेंड करायचा, कारण टीपीएम चिप बायोसचा ठसा जपून ठेवते, बायोस बदलला की ठसा बदलतो आणि मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसतं, आणि ती की कुठल्या वहीत लिहिलीय हे रविवारी दुपारी कोण सांगणार?

आणि करंट. आपल्याकडं हा मुद्दा सगळ्यात नाजूक. कारखान्यात गळीत हंगाम चालू असताना काटा रात्रंदिवस फिरतोय, तेव्हा सर्व्हर बंद करायचं नावसुद्धा काढू नका, म्हणजे मोकळा वेळ मिळतो तो पावसाळ्यात, आणि पावसाळ्यातच लाइट जास्त जाते. मे महिन्याचा पहिला पंधरवडा मला त्यातल्या त्यात बरा वाटतो, वळवाचं आभाळ नसलेली सकाळ बघून. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही वायरी एकाच यूपीएसला लावलेल्या मी बऱ्याच ठिकाणी बघतोय, त्यापेक्षा एक यूपीएसला आणि एक थेट लाइनला. यूपीएसची बॅटरी खरंच अर्धा तास टिकतेय का हे आदल्या दिवशी प्लग काढून बघायचं, त्याच्यावरचा हिरवा दिवा बघून नाही. फौंड्रीच्या लाइनवर मोठ्या मोटरा सुरू झाल्या की व्होल्टेज डुलतं, तिथं सुट्टीचाच दिवस धरा. सोसायटीत पिग्मीवाल्यांची मशिनं संध्याकाळी जमा होऊन बॅकअप झाला, तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघितला, मगच हात घाला.

एक मात्र, नवीन आलं की त्याच दिवशी चढवायचं असंही माझं म्हणणं नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या फटी उघड झाल्या आणि घाईनं नवे बायोस आले, तर काही मशिनं आपोआप रिस्टार्ट व्हायला लागली, शेवटी २२ जानेवारीला इंटेलनंच सांगितलं की हे चढवणं थांबवा. अगदी तातडीचं सुरक्षेचं काम नसेल तर दोन-तीन आठवडे थांबून बाकीच्यांचं काय झालं ते बघितलेलं परवडतं.

चढवायला घेतलं की पुढचा अर्धा तास हात खिशात. बीएमसी स्वतः रिस्टार्ट होताना बऱ्याच मशीनचे पंखे एकदम फुल्ल स्पीडनं ओरडायला लागतात, घाबरू नका, त्यांचा मालक झोपलाय म्हणून ते सावधगिरीनं जोरात फिरतात. बायोस चढल्यावर पहिल्या वेळी पडदा बराच वेळ काळा राहतो, कारण रॅमचं सगळं मोजमाप नव्यानं घ्यावं लागतं, रॅम जास्त असेल तर दहा मिनिटंसुद्धा जातात, मधेच एक-दोनदा आपोआप रिस्टार्टही होतं. नेमकं याच वेळी कुणीतरी म्हणतो, "अण्णा, अडकलंय बघा, एकदा बंद करून चालू करू काय?" त्याला चहा आणायला पाठवा.

उठलं की लगेच युझरना सोडू नका. टूल परत चालवून सगळी व्हर्जनं बदललीत का बघा, एखाद-दुसरं मागं राहिलेलं असतंय. बीएमसीच्या लॉगमध्ये लाल काही आहे का, रेड ऑप्टिमल दाखवतोय का, बायोसची घड्याळाची वेळ बरोबर आहे का (ती चुकली तर त्या दिवशीच्या पिग्मीच्या पावत्या भलत्याच तारखेला पडतील), बूटचा क्रम होता तसाच आहे का, सगळं बघून घ्या. बिटलॉकर सस्पेंड केला होता तो परत चालू करायचा. आणि जुनं व्हर्जन, नवं व्हर्जन, तारीख हे कागदावर लिहून तो कागद डब्यावरच चिकटवा, "बंद करू नये" च्या खाली जागा असतेच.