हेत्वाभास
हेत्वाभास : हेतूसारखा दिसणारा, पण साध्य (जे सिद्ध करायचे ते) सिद्ध करू न शकणारा हेतू. ही न्यायशास्त्रातील, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातील, संज्ञा आहे. आजच्या मराठीत ‘हेतू’ म्हणजे उद्देश. शास्त्रात मात्र हेतू म्हणजे अनुमानाला आधार देणारे कारण. त्यामुळे हेत्वाभासाचा बोलणाऱ्याच्या उद्देशाशी संबंध नाही. अगदी प्रामाणिक माणसाच्या तोंडीही तो येतो.

गौतमाच्या न्यायसूत्रांतील 16 पदार्थांत (विचाराच्या विषयांत) हेत्वाभास 13 वा आहे. तिथे त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : सव्यभिचार, विरुद्ध, प्रकरणसम, साध्यसम आणि कालातीत. पुढे अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या ग्रंथातही संख्या पाचच राहिली, पण शेवटच्या तिघांच्या जागी सत्प्रतिपक्ष, असिद्ध आणि बाधित ही नावे आली.

‘डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर आहे.’ यात डोंगर हा पक्ष (ज्याच्याविषयी बोलायचे ते), आग हे साध्य आणि धूर हा हेतू. जिथे धूर तिथे आग, ही व्याप्ती कुठेही मोडत नाही, म्हणून अनुमान टिकते. आता तेच उलटे करून पाहावे : ‘डोंगरावर धूर आहे, कारण तिथे आग आहे.’ कानाला दोन्ही सारखीच पटतात. पण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. हेतू साध्याला सोडूनही सापडला, म्हणून तो सव्यभिचार. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, इथेच थांबत नाहीत. आगीतून धूर निघतो तो सरपण ओले असेल तेव्हा. वाक्यात न उच्चारलेली ही अट म्हणजे उपाधी. ती नेमकी उघडी करून दाखवणे, हे मला या साऱ्या विचारातले सर्वांत मोलाचे काम वाटते.

‘शब्द (ध्वनी) नित्य आहे, कारण तो उत्पन्न होतो’ हा विरुद्ध हेतू. तो साध्याच्या नेमके उलट सिद्ध करतो. ‘आकाशातले कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे’ यात ज्याच्याविषयी बोलायचे ते कमळच नाही, म्हणून हेतू असिद्ध. ‘आग थंड आहे, कारण ती द्रव्य (वस्तू) आहे’ हा बाधित, कारण स्पर्शानेच ते खोटे ठरते.

छल, म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा भलताच अर्थ घेऊन त्याला खोडणे, याहून वेगळा. कोणी ‘त्याच्याकडे नव कांबळे आहे’ असे नवीन या अर्थाने म्हणावे आणि समोरच्याने ‘नऊ कुठली, एकच तर आहे’ असे म्हणून त्याला खोडावे, हा छल. अॅरिस्टॉटलने सांगितलेल्या 13 तर्कदोषांपैकी 6 भाषेतून उद्भवणारे आहेत. त्यांतला द्व्यर्थी शब्दांचा दोष या छलाच्या जवळचा.

सत्प्रतिपक्षाकडे अधिक लक्ष द्यायला हवे. एक म्हणतो, शब्द नित्य आहे, कारण तो शब्दत्वाप्रमाणे (सर्व शब्दांत समान असलेल्या शब्दपणाप्रमाणे) ऐकू येतो. दुसरा म्हणतो, तो अनित्य आहे, कारण तो घटाप्रमाणे निर्माण केलेला असतो. तुल्यबळ हेतू समोर उभा राहताच दोघांचेही अनुमान अडते. निर्णय हवा असेल तर त्यांपैकी एका हेतूतला दोष स्वतंत्रपणे दाखवावा लागतो.