आयर्लंडमधील रग्बी

आयर्लंडमधील रग्बी : आयर्लंड बेटावर खेळली जाणारी रग्बी युनियन (पंधरा खेळाडूंची रग्बी) आणि तिच्याभोवती उभी राहिलेली शाळा, क्लब व प्रांतिक संघ यांची व्यवस्था. तेरा खेळाडूंची रग्बी लीग येथे फारशी रुजली नाही. तिचा विचार या नोंदीत केलेला नाही. १९२१ मध्ये ब्रिटनच्या ताब्यातील उत्तर आयर्लंड आणि दक्षिणेकडील आयरिश राज्य अशी बेटाची फाळणी झाली आणि फुटबॉलच्या दोन संघटना व पुढे दोन राष्ट्रीय संघ झाले. रग्बीचा संघ मात्र एकच राहिला. बेलफास्टचा ब्रिटिश नागरिक आणि डब्लिनचा आयरिश नागरिक आजही एकाच हिरव्या जर्सीत उतरतात. अल्स्टर, लेन्स्टर, मन्स्टर आणि कॉनाक्ट हे चार प्राचीन प्रांत हाच या व्यवस्थेचा पाया असून अल्स्टर प्रांतात दोन्ही राज्यांचे परगणे येतात.

उगमाचा वाद : चेंडू घेऊन झुंबड करण्याचे खेळ आयर्लंडमध्ये रग्बीच्या पुष्कळ आधीपासून होते. गॅलवे नगराच्या १५२७ च्या नियमांत काठ्यांनी छोटा चेंडू मारण्याच्या खेळाला मनाई असून मोठ्या चेंडूच्या खेळाला मुभा आहे. केरी परगण्यात ‘कॅड’ नावाचा खेळ चाले. हे मूळ चेंडूचेच नाव. चामड्याच्या पिशवीत जनावराचा फुगवलेला मूत्राशय घालून तो तयार करीत. कॅडचे दोन प्रकार वर्णिलेले आढळतात. एक मैदानावरचा, ज्यात दोन झाडांच्या फांद्या वाकवून केलेली कमान हा गोल. दुसरा रविवारी प्रार्थना आटोपल्यावर सुरू होणारा, शेते व ओढे तुडवीत चेंडू आपल्या पॅरिशच्या (एका चर्चच्या परिसराच्या) शिवेत नेण्याचा.

यावरून रग्बीचे मूळच आयरिश असल्याचा तर्क काहींनी मांडला. इंग्लंडमधील रग्बी शाळेत १८२३ मध्ये विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्याने चेंडू हातात घेऊन धाव घेतली, ही कथा सर्वपरिचित आहे. एलिसचे वडील सैन्यात अधिकारी होते व काही काळ आयर्लंडमध्ये तैनात होते. तेव्हा मुलाने तेथे कॅड पाहिला असावा, असा या तर्काचा धागा. एलिसचा जन्मच आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात झाल्याचाही दावा आहे, पण जन्मस्थळ म्हणून सामान्यतः इंग्लंडमधील सॅलफर्ड दिले जाते. वडील १८११ मध्ये अल्बुएराच्या लढाईत मारले गेले तेव्हा मुलगा जेमतेम चार-पाच वर्षांचा होता.

मुळात १८२३ ची कथाच डळमळीत आहे. ती प्रथम लेखी स्वरूपात मांडली मॅथ्यू ब्लॉक्सम यांनी १८७६ मध्ये, म्हणजे एलिसच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. स्वतः ब्लॉक्सम त्या घटनेच्या आधीच शाळेतून बाहेर पडले होते. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी १८९५ मध्ये समिती नेमली. तिला एकही प्रत्यक्षदर्शी मिळाला नाही, तरी १९०० मध्ये शाळेच्या भिंतीत शिळा बसलीच. अशा कथेवर कॅडचा तर्क उभारणे म्हणजे वाळूवरच्या घरावर मजला चढवणे होय. दोन्ही खेळ एकाच प्रकारच्या ग्रामीण झुंबडखेळांतून स्वतंत्रपणे आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ट्रिनिटीचा क्लब : संघटित खेळाचा आरंभ डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात झाला, याबद्दल मतभेद नाही, मतभेद आहे तो वर्षाबद्दल आणि त्याहून अधिक, तेथे नेमके काय खेळले जाई याबद्दल. डब्लिन युनिव्हर्सिटी फुटबॉल क्लबचे स्थापनावर्ष १८५४ मानले जाते. त्याचा मुख्य आधार एक छोटीशी सूचना आहे. १ डिसेंबर १८५५ च्या डब्लिनमधील एका दैनिकात, त्या दिवशी कॉलेज पार्कवर क्लबचे मूळ सभासद विरुद्ध नवे सभासद असा सामना कॉलेजच्या घड्याळाप्रमाणे दोन वाजता सुरू होईल, असे छापले आहे. ‘मूळ’ सभासद म्हणून वेगळा संघ काढता येतो, त्या अर्थी क्लब किमान आदल्या हंगामापासून चालत असला पाहिजे, हे अनुमान रास्त आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचा क्लब १८४३ सालावर हक्क सांगतो. परंतु त्याचा आधार १८८३ च्या सामनापत्रिकेवरील ‘चाळिसावा हंगाम’ या उल्लेखाचा, म्हणजे चार दशकांनंतरचा आहे. समकालीन पुराव्याच्या कसोटीवर ट्रिनिटीचे पारडे जड ठरते.

येथे एक फरक पाळायला हवा. संदर्भग्रंथांत तो बहुधा पाळला जात नाही. १८५४ चा क्लब ‘फुटबॉल’चा होता. त्याच्या आरंभीच्या सभासदांपैकी काही जण रग्बी व चेल्टनहॅम या इंग्लिश शाळांतून आलेले असल्याने खेळ रग्बीच्या वळणाचा असणार. पण लेखी नियम आले १८६८ मध्ये. रग्बी शाळेतून नुकताच आलेला चार्ल्स बॅरिंग्टन आणि क्लबचा चिटणीस आर. एम. वॉल या दोघांनी ते तयार केले. बॅरिंग्टनने पुढे सांगितलेली आठवण मजेदार आहे. काळसर, काटक, आखूड दाढीचा वॉल छोट्या टेबलाशी गंभीरपणे लिहायला बसला आणि बॅरिंग्टन शाळेतले अलिखित नियम आठवतील तसे त्याला सांगत गेला. हे घडले तेव्हा लंडनची रग्बी फुटबॉल युनियन निघायला अजून तीन वर्षे होती. म्हणून क्लबचे वर्ष १८५४ आणि आयर्लंडमधील नियमबद्ध रग्बीचे वर्ष १८६८, असे धरणे सयुक्तिक होईल.

संघटना : उत्तरेत नॉर्थ ऑफ आयर्लंड हा क्लब १८६८ मध्ये बेलफास्टच्या क्रिकेटपटूंनी काढला. हेन्री डनलॉप यांनी १८७२ मध्ये डब्लिनला लान्सडाउन रोडचे मैदान सुरू केले. डिसेंबर १८७४ मध्ये डब्लिनला आयरिश फुटबॉल युनियन स्थापन झाली आणि महिनाभरातच बेलफास्टने आपली स्वतंत्र नॉर्दर्न फुटबॉल युनियन काढली. डब्लिनकरांनी आपल्याला विचारले नाही, ही त्यामागची कुरकुर. १५ फेब्रुवारी १८७५ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडविरुद्ध आयर्लंडचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तो या दोन्ही युनियनच्या संयुक्त संघाने खेळला. बाजूला वीस-वीस खेळाडू, कर्णधार ट्रिनिटीचा जॉर्ज स्टॅक. आयर्लंड हरले. पहिला विजय १८८१ मध्ये बेलफास्टला, स्कॉटलंडविरुद्ध मिळाला.

दोन्ही युनियन एक होऊन आजची आयरिश रग्बी फुटबॉल युनियन झाली १८७९ मध्ये. युनियनने आपली शताब्दी मात्र १९७४-७५ च्या हंगामात, म्हणजे डब्लिनच्या संस्थेच्या वर्षापासून मोजून साजरी केली. जन्मवर्षाबाबत ग्रंथांत दिसणारा घोळ यातून आला आहे. एक गोष्ट सहज नजरेआड होते. उत्तर आणि दक्षिण यांची युती फाळणीच्या चार दशके आधीच पक्की झाली होती, आणि १९२१ नंतर ती मोडायला कोणी पुढे आले नाही.

भारताशी एक जुना धागा आहे. २५ डिसेंबर १८७२ रोजी कलकत्त्यात इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्स यांचा मिळून संघ असा सामना तेथील गोऱ्या रहिवाशांनी खेळला. म्हणजे आयर्लंडचे नाव लावून रग्बीचा संघ कलकत्त्यात उतरला तो ओव्हलच्या सामन्याच्या दोन वर्षे आधी. त्यानंतर निघालेला कलकत्ता क्लब बंद पडताना शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून जो चषक केला, तो कलकत्ता कप आजही इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात खेळला जातो; आयर्लंडच्या वाट्याला त्या रुपयांतले काही आले नाही.

ध्वज आणि गीत : युनियनने १९२५ मध्ये चारही प्रांतांची चिन्हे असलेला स्वतःचा ध्वज स्वीकारला. डब्लिनमधील सामन्यांना राज्याचा तिरंगी ध्वज फडकवण्याचे मान्य झाले ते बरीच टीका झाल्यावर, १९३२ मध्ये. गीताचा प्रश्न अधिक चिघळला. बेलफास्टच्या रेव्हनहिल मैदानावर १९५४ मध्ये स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्याआधी दक्षिणेकडील खेळाडूंनी ब्रिटिश राष्ट्रगीतासाठी उभे राहण्यास हरकत घेतली आणि तडजोडीने वेळ निभावली. त्यानंतर २००७ पर्यंत मुख्य संघाचा पूर्ण आंतरराष्ट्रीय सामना तेथे झाला नाही. १९८७ च्या विश्वचषकात कोणतेच राष्ट्रगीत नको म्हणून ‘रोज ऑफ ट्रॅली’ या लोकप्रिय गाण्याची ध्वनिफीत वाजवली गेली, आणि ती सगळ्यांनाच ओशाळवाणी वाटली. फिल कोल्टर यांच्याकडून लिहवून घेतलेले ‘आयर्लंड्स कॉल’ १९९५ च्या विश्वचषकापासून वापरात आहे. परदेशात हेच एक वाजते. डब्लिनमध्ये त्याच्याआधी प्रजासत्ताकाचे राष्ट्रगीत असते. काव्य म्हणून त्याची फारशी वाखाणणी होत नाही, पण त्याच्याकडून अपेक्षित काम ते करते.

उत्तर आयर्लंडमधील राजकीय हिंसाचाराची झळ खेळालाही लागली. १९७२ मध्ये स्कॉटलंड व वेल्स यांचे संघ डब्लिनला आले नाहीत. १९७३ मध्ये इंग्लंडचा संघ आला, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून केलेल्या टाळ्यांचा कडकडाट कितीतरी वेळ थांबला नव्हता. सामना आयर्लंडने १८–९ असा जिंकला. एप्रिल १९८७ मध्ये एका न्यायाधीशासाठी सीमेजवळ पेरलेल्या बॉम्बच्या स्फोटात सरावासाठी डब्लिनला निघालेले अल्स्टरचे तीन खेळाडू सापडले. त्यांपैकी नायजेल कार यांची कारकीर्द तेथेच संपली.

‘परकीय खेळ’ आणि क्रोक पार्क : हर्लिंग (काठी व छोट्या चेंडूचा खेळ) व गेलिक फुटबॉल या देशी खेळांसाठी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स येथे स्थापन झाली. तिचे संस्थापक मायकेल क्युसॅक हे स्वतः पूर्वी रग्बी खेळत, हे तिच्या नंतरच्या धोरणाशी ताडून पाहण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी असोसिएशनने रग्बी, फुटबॉल, क्रिकेट आणि हॉकी हे ‘परकीय’ खेळ खेळणाऱ्या किंवा नुसते पाहणाऱ्या सभासदांना काढून टाकण्याचा नियम केला. १९३८ मध्ये राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड फुटबॉलचा सामना पाहायला गेले म्हणून त्यांचे आश्रयदातेपद काढून घेण्यात आले. दुसरीकडे स्वातंत्र्यलढ्यातील नेते इमन डी व्हॅलेरा यांचे रग्बीवर उघड प्रेम होते. बंदी उठली १९७१ मध्ये. मात्र असोसिएशनच्या मैदानांवर हे खेळ होऊ न देण्याचा वेगळा नियम कायम होता.

लान्सडाउन रोडची पुनर्बांधणी निघाली तेव्हा हा नियम आड आला. एप्रिल २००५ च्या अधिवेशनात २२७ विरुद्ध ९७ मतांनी तो शिथिल झाला आणि डब्लिनचे क्रोक पार्क रग्बीला उघडले. २१ नोव्हेंबर १९२० रोजी याच मैदानावर गेलिक फुटबॉलचा सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला होता व त्यात चौदा जण दगावले. त्यांपैकी टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन याचे नाव एका प्रेक्षागृहाला आहे. त्यामुळे २४ फेब्रुवारी २००७ रोजी इंग्लंडचा संघ तेथे आला तेव्हा सर्वांचे लक्ष खेळापेक्षा त्याआधीच्या काही मिनिटांकडे होते. ब्रिटिश राष्ट्रगीत सुरू झाले, ऐंशी हजारांवर प्रेक्षक शांत राहिले, आणि ते संपताच टाळ्या वाजल्या. त्यानंतर आयरिश गीत चालू असताना मन्स्टरचा धिप्पाड प्रॉप (पुढच्या फळीतला खेळाडू) जॉन हेज याच्या गालांवरून अश्रू ओघळत असल्याचे दूरचित्रवाणीवर दिसले. आयर्लंड ४३–१३ ने जिंकले. त्याआधी दोनच आठवडे, याच मैदानावरच्या रग्बीच्या पहिल्या सामन्यात, ते फ्रान्सकडून १७–२० असे हरले होते. पण ती हार कोणाच्या फारशी लक्षात नाही.

सामाजिक आधार : डब्लिनमध्ये ब्लॅकरॉक, बेल्व्हेडिअर, क्लाँगोज वुड यांसारख्या फी भरून शिकायच्या कॅथलिक शाळा आणि अल्स्टरमध्ये प्रामुख्याने प्रॉटेस्टंट ग्रामर शाळा, हे खेळाडूंचे मुख्य स्रोत. त्यामुळे रग्बी हा वरच्या थराचा खेळ, अशी समजूत आहे व ती बव्हंशी खरी आहे. अपवाद लिमरिकचा. तेथे गोदी कामगार आणि डॉक्टर एकाच संघात खेळत आले. गॅरीओवेन व शॅनन हे क्लब १८८४ चे. चेंडू उंच उडवून तो खाली येईतो प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडायचे, या डावाला जगभर ‘गॅरीओवेन’ म्हणतात, तो या क्लबामुळे.

लिमरिकच्या थॉमंड पार्कवर कोणीही, अगदी पाहुण्या संघाचा खेळाडूही, गोलसाठी चेंडू जमिनीवर ठेवून किक मारायला उभा राहिला की सारे प्रेक्षागृह चिडीचूप होते. कोणी खोकलेच तर चार माना वळतात. याच मैदानावर ३१ ऑक्टोबर १९७८ रोजी मन्स्टरने न्यूझीलंडला १२–० असे हरवले. ख्रिस्टी कँटिलनचा ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणे), टोनी वॉर्डचे त्यावरचे रूपांतर (ट्रायनंतर मिळणारी गोलची किक) आणि दोन ड्रॉप गोल (चेंडू हातातून टाकून उसळताच मारलेले गोल), असा तो हिशेब. प्रेक्षक सुमारे १२,००० होते. आपण तेथे होतो असे सांगणारे त्याच्या कितीतरी पट भेटतात. राष्ट्रीय संघाला न्यूझीलंडवर पहिला विजय मिळायला मात्र २०१६ उजाडावे लागले (शिकागो, ४०–२९).

स्पर्धांतील कामगिरी : इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व फ्रान्स, आणि २००० पासून इटली यांच्याबरोबरच्या वार्षिक स्पर्धेत सर्व सामने जिंकण्याचा मान, म्हणजे ग्रँड स्लॅम, आयर्लंडने १९४८, २००९, २०१८ आणि २०२३ मध्ये मिळवला. १९४८ च्या संघाचा कर्णधार कार्ल मलन व सूत्रधार जॅक काइल. निर्णायक सामना रेव्हनहिलवर वेल्सविरुद्ध ६–३ असा जिंकला गेला. १९९५ मध्ये खेळ व्यावसायिक झाल्यावर प्रांतिक संघांना महत्त्व आले. युरोपीय चषक अल्स्टरने १९९९ मध्ये, मन्स्टरने २००६ व २००८ मध्ये आणि लेन्स्टरने २००९, २०११, २०१२ व २०१८ मध्ये जिंकला. विश्वचषकात २०२३ पर्यंत संघ उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेलेला नाही.

महिलांचा राष्ट्रीय संघ १९९३ पासून खेळतो. त्याने २०१३ मध्ये ग्रँड स्लॅम मिळवला आणि २०१४ च्या विश्वचषकात न्यूझीलंडला १७–१४ असे हरवले, म्हणजे पुरुषांच्या संघाच्या दोन वर्षे आधी.